दाराबाहेर ठेवलेली खुर्ची

एक रिकामी खुर्ची आणि तिच्याशी चक्क भांडणारा थेरपिस्ट. "तिच्याशी असं बोलायचं नाही. बस झालं." समोर बसलेल्या बाईंना तरीही तो आवाज ऐकू येत राहिला, तर थेरपिस्ट खुर्ची उचलून दाराबाहेर नेऊन ठेवतो. 'तू आहेसच वाईट, शिक्षाच हवी तुला' असं बाईंना वर्षानुवर्षं ऐकवणारा त्यांच्याच मनातला आवाज त्या खुर्चीवर बसवलेला असतो. नाटक वाटतं ना? पण स्किमा थेरपीतलं हे अगदी नेहमीचं काम आहे.

जेफ्री यंग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फिलाडेल्फियात ॲरन बेक यांच्याबरोबर काम करत होते. विचारांतल्या चुका पुराव्यानिशी तपासायची बेक यांची पद्धत नैराश्यावर चांगली लागू पडत होती. काही जणांच्या बाबतीत मात्र तिची मात्रा चालेना. आपला विचार चुकीचा आहे हे त्यांना मान्य असे, फक्त कळत होतं पण वळत नव्हतं. यंग यांनी मुळाशी जायचं ठरवलं. प्रेम, सुरक्षितता, शिस्त अशा लहानपणीच्या गरजा भागल्या नाहीत, की स्वतःविषयी आणि जगाविषयी काही ठाम समजुती मनात घट्ट बसतात. या समजुतींना त्यांनी स्किमा म्हटलं आणि त्यांवरच्या उपचाराला स्किमा थेरपी. त्यांच्या यादीत असे 18 स्किमा आहेत: माणसं मला सोडून जाणारच, माझ्यातच खोट आहे, वगैरे.

या थेरपीत मला सर्वांत थक्क करतं ते आठवणीत शिरणं. समजा, त्या बाई डोळे मिटून सात वर्षांच्या झाल्या आहेत. हातून काचेचा ग्लास फुटलाय, वडील अंगावर ओरडताहेत. थेरपिस्ट विचारतो, "मी आत येऊ का?" होकार मिळाला की तो कल्पनेतच मुलीच्या आणि वडिलांच्या मध्ये उभा राहतो, वडिलांना थांबवतो आणि मग मुलीला विचारतो, "आता तुला काय हवंय?" घडलेलं काही पुसलं जात नाही. पण 'माझंच चुकलं' हा तिने तेव्हा काढलेला निष्कर्ष सैल होऊ लागतो. पुढच्या टप्प्यावर थेरपिस्ट बाजूला होतो आणि बाई स्वतःच, आजच्या वयाच्या होऊन, त्या मुलीच्या मदतीला जातात.

हे सगळं ऐकायला छान, पण गुण येतो का? नेदरलँड्समध्ये बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या 86 जणांवर आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं उपचार झाले. 2006 साली निष्कर्ष छापून आले. स्किमा थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे 45 टक्के बरे झाले होते, तुलनेसाठी निवडलेल्या मनोविश्लेषणाच्या वळणाच्या थेरपीत सुमारे 24 टक्के. मध्येच सोडून जाणारेही स्किमा थेरपीत बरेच कमी होते. आमची पद्धत तिथे नीट राबवलीच गेली नाही, अशी तक्रार दुसऱ्या गोटाने केली, आणि 86 हा आकडा लहानच आहे. तरीही ज्या विकाराच्या रुग्णांवर 'हे काही सुधारणारे नव्हेत' असा शिक्का सर्रास मारला जाई, त्यातले इतके जण बरे झाले.