नऊ गुंठ्यांची चौकट

विहिरीच्या कठड्यावर ओणवं होऊन त्यानं टेप खाली सोडली. टोकाला लोखंडी वजन. खालून ‘डुबुक’ ऐकू आलं तसा त्यानं आकडा वाचला, कठड्याची उंची वजा केली आणि म्हणाला, “अकरा पॉइंट चार.” मी वहीत टिपलं. मे महिना, वडूजच्या खाली येरळेचं पात्र ठणठणीत कोरडं, आणि सकाळपासूनची ही सातवी विहीर.

तो भूशास्त्राचा विद्यार्थी. येरळेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी कुठं मुरू शकतं, कुठं साठू शकतं, याचा नकाशा करतोय. नदी साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगलीत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खटावला पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं.

नकाशाचं अर्धं काम खोलीत बसून होतं. जमिनीची उंची फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं मोजलेली आहे, ती फुकट मिळते. तिच्यावरून उतार आणि ओढ्यांची दाटी काढायची. मग खडक, माती, पीक, पाऊस आणि उपग्रहाच्या चित्रात दिसणाऱ्या सरळ रेघा, म्हणजे खडकातल्या संभाव्य भेगा. हे थर एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येकाला वजन द्यायचं. भेगा उतारापेक्षा किती पट महत्त्वाच्या? एक ते नऊमधला आकडा आपणच ठरवायचा. आपले आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढंच पुढचं गणित तपासतं. तसा नारळ घेऊन फिरणारा पाणाड्याही स्वतःशी सुसंगतच असतो.

म्हणून विहिरी.

नकाशात नदीकाठ गडद निळा. त्यासाठी उपग्रह कशाला हवा, असं कुणीही विचारील. खरी उत्सुकता माळावरच्या निळ्या पट्ट्यांची. पहिली रेघ शोधत गेलो तर दुतर्फा बाभळी असलेला गाडीरस्ता निघाला. त्यानं हसत ती खोडली. दुसऱ्या रेघेवर मात्र ओढा एकाएकी काटकोनात वळलेला, आणि वळणाजवळच एक जुनी विहीर. आत डोकावलं की जमिनीची चिरफाडच दिसत होती: हातभर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली गेरूचा तांबडा पट्टा आणि तळाशी काळा पाषाण. पट्ट्याच्या लगेच वर एका भेगेतून मे महिन्यातही पाझर चालू होता.

“ही हीर आज्ज्यानं पाडली,” मालक म्हणाले. “भावानं पल्याडच्या रानात चार बोअर मारली. नुसता धुरळा.” नकाशावर दोन्ही रानं एकाच रंगाची.

शिवाय काही गोष्टींना थरच नाही. “वाळू होती तवा पात्रात हातभर उकरलं की झरा लागायचा,” ते म्हणाले. वाळू गेली, आणि तिच्यात साठणारं पाणीही. खाली बळवडीला शेतकऱ्यांनी वाळू विकून १९८०च्या दशकात बळीराजा धरण उभारायला घेतलं होतं, वाळूवर पहिला हक्क गावाचा म्हणून. पुढं वाळू कुणाकुणाची झाली ते ट्रकांना ठाऊक.

कडेगावच्या बाजूला उलटी पंचाईत. तिथं कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी कालव्यानं येतं. कालव्याखालच्या विहिरी उन्हाळ्यातही वर असतात. त्या नकाशाशी ताडून पाहिल्या तर नकाशा फारच हुशार ठरायचा! त्यानं अशा विहिरींपुढे वहीत लाल टिंब दिलंय. पडताळणीतून त्या बाद.

निघताना मालकांनी मोबाइलवर नकाशा मागितला. दोन बोटांनी मोठा करत गेले, तशा रेषा गेल्या, पट्टे गेले, उरल्या नुसत्या निळ्या चौकटी. एकेक तीस मीटर बाय तीस मीटर. म्हणजे जवळपास नऊ गुंठे.

“माझी हीर कुठंय यात?”

त्यानं एका चौकटीवर बोट ठेवलं. मालकांनी ते बाजूला सारलं, वाकून पाहिलं आणि विचारलं, “आन् गोठा?”

“तोही ह्यातच.”