सात भिक्षू आणि सव्वादोन लाखांवर पानं

तिबेटी बौद्ध ग्रंथसंग्रहाचे दोन भाग: कंग्युर, म्हणजे बुद्धवचनं, आणि तेंग्युर, म्हणजे त्यांवरची भाष्यं. दोन्ही मिळून सुमारे २,३०,००० पानं, साडेचार हजारांवर ग्रंथ. एकही खाडा न करता कुणी रोज दहा पानं भाषांतरित करत बसला, तरी त्याला ६३ वर्षं लागतील. आणि यातला फार मोठा भाग संस्कृतातून उतरवलेला आहे!

एवढ्या कामाचा पाया घातला तो आठव्या शतकातल्या त्रिसोंग देत्सेन या तिबेटच्या राजानं. ७५५ च्या सुमारास गादीवर आला तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता आणि दरबारातले वजनदार सरदार बौद्ध धर्माच्या विरोधात होते. ७६३ मध्ये त्याच्या फौजांनी थेट चीनची राजधानी चांगआन काबीज केली होती. पण मला त्याचा खरा पराक्रम दिसतो तो त्यानं उभारलेल्या साम्येच्या विहारात.

नालंदेचे आचार्य शांतरक्षित त्याच्या बोलावण्यावरून आले. परंपरा सांगते, की त्याच सुमारास पूर आला, वीज कोसळली, लोकांनी खापर आचार्यांवर फोडलं आणि त्यांना परतावं लागलं. राजा हटला नाही. त्यानं त्यांना पुन्हा बोलावलं, तांत्रिक गुरू पद्मसंभवांनाही आणलं. मग समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरी साम्ये विहार उभा राहिला. त्याची रचना बौद्ध विश्वाच्या नकाशासारखी: मधोमध तीन मजली मंदिर, तोच मेरू पर्वत. भोवती चार महाद्वीपं, आठ उपद्वीपं, सूर्य-चंद्राची देवळं आणि बाहेरून गोल तट.

एवढ्या मोठ्या विहारात पहिले तिबेटी भिक्षू किती? सात! विनयाचे, म्हणजे भिक्षुजीवनाचे, नियम आपल्या माणसांना झेपतात का, हे आधी पारखून घेतलं गेलं.

भाषांतराचं काम मात्र वेगानं वाढलं: पुढच्या दोन पिढ्यांत भाषांतरित ग्रंथांच्या सूचीत सातशेच्या वर नावं चढली. संस्कृत-तिबेटी 'महाव्युत्पत्ती' कोशात साडेनऊ हजारांच्या आसपास नोंदी झाल्या. नवा पारिभाषिक शब्द घडवायचा तर दरबाराची मंजुरी लागे. अठराव्या शतकात पूर्व तिबेटातल्या देर्गेच्या छापखान्यासाठी हे ग्रंथ लाकडावर उलट्या अक्षरांत कोरायला घेतले. तिथले ठसे आज दोन लाखांहून अधिक आहेत.

शांतरक्षितांचा 'मध्यमकालंकार' आज अखंड वाचायचा तर तिबेटीतच वाचावा लागतो. आपल्याकडे संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकानं जोडीला तिबेटीही शिकायला घ्यावी.