मागच्या फळीतला पेपे

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचे मोजमाप गोलांनी होते आणि गोलरक्षकाचे अडवलेल्या फटक्यांनी. बचावपटूचे मोजमाप मात्र बहुधा त्याच्या चुकांनी होते. कारण त्याचे काम नीट पार पडले की मैदानावर काहीच घडत नाही: चेंडू धोक्याच्या जागी पोहोचतच नाही, प्रतिस्पर्धी आघाडीवीर मागे वळून सहकाऱ्याकडे चेंडू परत देतो आणि प्रेक्षकांचे लक्ष दुसरीकडे जाते. यष्टिरक्षक झेल सोडतो तेव्हाच जसा सगळ्यांना आठवतो, तशीच बचावपटूची गत असते. पोर्तुगालचा मध्यवर्ती बचावपटू पेपे याने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत सर्वोच्च पातळीवर फुटबॉल खेळून ऑगस्ट 2024 मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हाही जगभरच्या आठवणींत त्याने रोखलेल्या हल्ल्यांपेक्षा त्याला मिळालेली लाल कार्डेच अधिक होती. ती कार्डे खरी होती आणि त्यांतली काही तर अक्षम्य होती, हे आधीच मान्य करायला हवे; परंतु ज्या वृत्तीमुळे ती मिळाली, त्याच वृत्तीवर त्याचा खेळ उभा होता आणि तिला आवर घालण्यात त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध गेला.

पेपेचे पूर्ण नाव केप्लर लावेराँ दे लिमा फेरेइरा. वडिलांनी ग्रहगतीचे नियम मांडणारा योहान्नेस केप्लर आणि हिवतापाचा परजीवी शोधणारा लावेराँ या दोन शास्त्रज्ञांची नावे मुलाला दिली. त्याचा जन्म 26 फेब्रुवारी 1983 रोजी ब्राझीलच्या ईशान्येकडील आलागोआस राज्याची राजधानी असलेल्या मासेयो या शहरात झाला. तिथल्या कोरिंथियन्स आलागोआनो या छोट्या क्लबातून तो अठराव्या वर्षी अटलांटिक महासागरातील पोर्तुगीज बेट मादेइरा येथील मारितिमो या क्लबात आला. समान भाषा आणि वसाहतकाळापासूनची ये-जा यांमुळे ब्राझीलच्या होतकरू खेळाडूंसाठी पोर्तुगाल हा युरोपचा उंबरठा ठरला आहे, आणि शेकडो तरुण या वाटेने येऊन काही काळात परततात किंवा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत हरवून जातात. पेपेची सुरुवातही मारितिमोच्या दुय्यम संघातूनच झाली.

2004 मध्ये पोर्तो क्लबाने त्याला घेतले, ती वेळ महत्त्वाची होती. प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांच्या हाताखाली पोर्तोने त्याच वर्षी युरोपातील अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि लगेच संघ पांगला. मोरिन्यो लंडनच्या चेल्सीकडे गेले आणि बचावाचा कणा असलेला रिकार्दो कार्व्हाल्यो याला सोबत घेऊन गेले. कार्व्हाल्यो आणि पेपे पुढे पोर्तुगालच्या आणि रियल माद्रिदच्या संघांत शेजारी उभे राहिले, आणि मध्यवर्ती बचावाच्या दोन वेगळ्या घराण्यांचे ते प्रतिनिधी म्हणता येतील. कार्व्हाल्यो थांबत असे, आघाडीवीराला निर्णय घ्यायला लावत असे आणि अखेरच्या क्षणी चेंडू अलगद काढून घेत असे. पेपे थांबत नसे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी पोहोचण्याआधीच तो आपली जागा सोडून पुढे झेपावत असे, आणि अंदाज चुकलाच तर असामान्य वेगाच्या बळावर मागे धावून ती चूक निस्तरत असे.

या पद्धतीत धोका किती आहे, हे बचावफळीची रचना लक्षात घेतल्याशिवाय उमगत नाही. चार बचावपटू साधारण एका आडव्या रेषेत उभे राहतात. त्या रेषेच्या मागे आधीच जाऊन थांबलेल्या आघाडीवीराकडे चेंडू दिला गेला तर तो ‘ऑफसाइड’ ठरतो, म्हणून ही रेषा जितकी पुढे सरकवता येईल तितके प्रतिस्पर्ध्याचे मैदान आखडते. मात्र रेषा पुढे गेली की तिच्यामागे गोलरक्षकापर्यंत मोकळे रान उरते आणि रेषेतला एक जण पुढे झेपावला की त्या जागी भगदाड पडते. डच प्रशिक्षक को आद्रिआन्से यांनी 2005-06 च्या हंगामात पोर्तोला आक्रमणावर भर देणाऱ्या रचनेत खेळवले आणि मागे तीनच बचावपटू ठेवले, तेव्हा एवढे रान सांभाळण्यासाठी त्यांना पेपेसारखाच धावणारा माणूस हवा होता. त्या हंगामात पोर्तोने पोर्तुगालची लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली, पुढच्या वर्षी लीग राखली, आणि जुलै 2007 मध्ये रियल माद्रिदने पेपेसाठी 3 कोटी युरो मोजले. बचावपटूसाठी तेव्हा ही रक्कम डोळे विस्फारणारी होती.

त्याच वर्षी त्याने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आणि नोव्हेंबरमध्ये फिनलंडविरुद्ध राष्ट्रीय संघातून पदार्पण केले. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या देकोने 2003 मध्ये हीच वाट धरली तेव्हा पोर्तुगालमध्ये बराच वाद झाला होता. पेपेच्या वेळी तो पुष्कळ निवळला होता. 2010 च्या विश्वचषकात डर्बनमध्ये पोर्तुगालची गाठ ब्राझीलशीच पडली, तेव्हा पेपे बचावफळीत नव्हे तर तिच्या पुढे, मधल्या फळीत खेळत होता, आणि तोही डिसेंबर 2009 मध्ये झालेल्या गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून नुकताच सावरून. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला.

माद्रिदमधील दहा वर्षांत त्याच्या स्वभावाची काळी बाजू सर्वाधिक उघडी पडली ती 21 एप्रिल 2009 रोजी. हेताफे क्लबाविरुद्धचा सामना 2-2 असा बरोबरीत होता, शेवटची काही मिनिटे उरली होती आणि पेपेने गोलक्षेत्रात शिरलेल्या खाविएर कास्केरोला मागून ढकलून पाडले. पेनल्टी अटळ होती. पण तो तिथे थांबला नाही. खाली पडलेल्या कास्केरोला त्याने लाथा घातल्या, मध्ये पडलेल्या दुसऱ्या खेळाडूवर हात उगारला आणि लाल कार्ड घेऊन मैदानाबाहेर गेला. कास्केरोने पेनल्टीवर चेंडू अलगद मधोमध उचलला, तो गोलरक्षक इकेर कासियासने झेलला आणि माद्रिदने जादा मिनिटांत सामना जिंकलाही. मात्र पेपेवर 10 सामन्यांची बंदी आली. खेळाच्या ओघात घडलेला फाउल आणि खेळ थांबल्यावर केलेली मारहाण यांत नियमपुस्तिकाही फरक करते, आणि हा प्रसंग निःसंशय दुसऱ्या प्रकारचा होता. त्याने नंतर खेद व्यक्त केला, तरी त्या काही सेकंदांचे चित्रण आयुष्यभर त्याच्या मागे राहिले.

एप्रिल 2011 मधील प्रकरण तितके सरळ नाही. मोरिन्यो आता माद्रिदचे प्रशिक्षक होते आणि अठरा दिवसांत बार्सिलोनाशी चार सामने खेळायचे होते. बार्सिलोनाचा खेळ मधल्या फळीतील छोट्या छोट्या पासांवर चाले आणि लिओनेल मेस्सी आघाडीतून खाली उतरून, बचावपटू व मधली फळी यांच्यामधल्या पट्ट्यात चेंडू घेत असे. त्याच्या मागे गेले तर बचावात भगदाड, न गेले तर त्याला मोकळीक, अशी प्रतिस्पर्ध्यांची कोंडी होई. मोरिन्यो यांनी यावर उपाय म्हणून पेपेलाच त्या पट्ट्यात उभे केले. 20 एप्रिलला वॅलेन्सियामध्ये झालेल्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात ही योजना फळली: बार्सिलोनाची लय तुटली, पेपेचा एक हेडर गोलखांबावर आदळला आणि जादा वेळेत क्रिस्तियानो रोनाल्डोच्या गोलने माद्रिदने चषक जिंकला. आठवड्याभराने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत तीच योजना उलटली. एकसष्टाव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या दानी आल्वेसवरच्या टॅकलमध्ये पेपेचा पाय उंच गेला, पंचांनी थेट लाल कार्ड दाखवले आणि ज्या पट्ट्यात तो उभा होता तो रिकामा झाल्यावर मेस्सीने दोन गोल केले. पाय लागला की नाही यावर माद्रिदमध्ये आजही वाद घालणारे भेटतील. पण तो एक माणूस वजा झाल्यावर सामना कसा बदलला, हे पाहिले की त्याच्या कामाचे मोल आकड्यांशिवायही कळते. जानेवारी 2012 मध्ये खाली पडलेल्या मेस्सीच्या हातावर त्याचा पाय पडला, तेव्हा ती चूक अनवधानाने झाल्याचा त्याचा खुलासा फार थोड्यांना पटला. तोवर त्याची प्रतिमा पक्की झाली होती.

माद्रिदसाठी त्याने 334 सामने खेळले आणि तीन लीग विजेतेपदे मिळवली. चॅम्पियन्स लीगही संघाने त्याच्या काळात तीनदा, म्हणजे 2014, 2016 आणि 2017 मध्ये जिंकली. परंतु त्यांतला फक्त 2016 चा, मिलानमधील अंतिम सामना तो खेळला. उरलेल्या दोन्ही वेळी त्याची जागा राफाएल वारानने घेतली होती.

राष्ट्रीय संघातील त्याची सर्वांत महागात पडलेली चूक 2014 च्या विश्वचषकातली. जर्मनीविरुद्ध पोर्तुगाल 0-2 असे मागे असताना पेपेने जमिनीवर बसलेल्या थॉमस म्युलरच्या डोक्याला वाकून आपले डोके भिडवले. इजा होण्यासारखी ती धडक नव्हती, पण ती मुद्दाम मारलेली होती, आणि लाल कार्ड देण्यावाचून पंचांपुढे पर्याय नव्हता. दहा जणांचा संघ 0-4 असा हरला. पुढे गटात पोर्तुगाल आणि अमेरिका यांचे गुण सारखे झाले, तेव्हा केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतील फरक पाहिला गेला आणि त्या फरकावर पोर्तुगाल घरी परतले.

दोन वर्षांनी फ्रान्समधील युरो स्पर्धेत हाच पेपे पोर्तुगालच्या यशाचा आधार ठरला. प्रशिक्षक फर्नांदो सांतोश यांच्या संघाने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते आणि त्या खेळाला कोणी देखणा म्हणणार नाही. पण बाद फेरीच्या चार सामन्यांत, त्यांतले तीन जादा वेळेपर्यंत लांबलेले असूनही, या संघाने केवळ एक गोल खाल्ला. वेल्सविरुद्धचा उपांत्य सामना पेपे दुखापतीमुळे खेळला नाही. 10 जुलै 2016 रोजी सेंट-डेनिसमधील अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सविरुद्ध रोनाल्डो पहिल्या अर्ध्या तासातच जायबंदी होऊन बाहेर गेला आणि तिथून पुढे पोर्तुगालला तगून राहण्याखेरीज दुसरा बेतच उरला नाही. पेपेने मागची फळी खोल ठेवली, आडवे आलेले क्रॉस डोक्याने परतवले, आणि पुढे झेपावण्याची सवय त्या रात्री जवळजवळ पूर्ण आवरली. नियमित वेळ संपता संपता फ्रान्सच्या आन्द्रे-पिएर जिन्याकने त्याला एका गिरकीत चकवलेही, पण फटका खांबावर आदळून परत आला. नशीब हाही बचावाचा एक घटक असतो, हे मान्य केलेले बरे. एकशे नवव्या मिनिटाला पोर्तुगालच्या एदेरने गोल केला, आणि सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती पेपेची.

2017 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्याने माद्रिद सोडले आणि तुर्कस्तानच्या बेशिक्ताश क्लबात दीड हंगाम काढला. या वयात बहुतेक बचावपटूंची उतरण सुरू होते, कारण वेग कमी झाला की पुढे झेपावून चुकणे परवडत नाही. जानेवारी 2019 मध्ये तो पोर्तोला परतला आणि तिथे पुढची साडेपाच वर्षे खेळला, ती बदललेल्या हिशेबावर. चेंडू कुठे येईल हे आधी ओळखायचे, शेजारच्या तरुण बचावपटूला ओरडून जागा दाखवायची आणि धावण्याची वेळ येऊच द्यायची नाही. 9 मार्च 2021 रोजी तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध हे विलक्षण स्पष्टपणे दिसले. चोपन्नाव्या मिनिटाला पोर्तोच्या मेहदी तारेमीला लाल कार्ड मिळाल्यावर जादा वेळ धरून तासाहून अधिक काळ पोर्तोने दहा जणांनिशी सामना लढवला, आणि अडतीस वर्षांचा पेपे गोलक्षेत्रात येणारा जवळजवळ प्रत्येक उंच चेंडू डोक्याने बाहेर काढत राहिला. पोर्तो तो सामना 2-3 असा हरले, पण दोन्ही सामने मिळून 4-4 अशी बरोबरी झाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक वजन देणाऱ्या तेव्हाच्या नियमानुसार पोर्तोने पुढची फेरी गाठली. बाद झालेल्या युव्हेंटस संघात रोनाल्डो होता. त्या पोर्तो संघाचे कर्णधारपद पेपेकडे होते, आणि शिस्तभंगासाठी ओळखल्या गेलेल्या माणसावर शिस्त राखण्याची जबाबदारी सोपवण्यात प्रशिक्षक सेर्जिओ कोन्सेसाओ यांचा अंदाज चुकला नाही.

वयाचे विक्रम त्यानंतर ओघानेच आले. डिसेंबर 2022 मध्ये कतारच्या विश्वचषकात स्वित्झर्लंडविरुद्ध कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर हेडर मारून तो 39 वर्षे 283 दिवसांच्या वयात विश्वचषकाच्या बाद फेरीत गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. नोव्हेंबर 2023 मध्ये अँटवर्पविरुद्धच्या गोलने चॅम्पियन्स लीगमधला तसाच विक्रम त्याच्या नावावर लागला. गोलरक्षक चाळिशीपर्यंत खेळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, कारण त्याला दहा-बारा किलोमीटर धावायचे नसते. मैदानी खेळाडूचे, त्यातही समोरच्या विशीतल्या आघाडीवीराशी धक्काबुक्की करावी लागणाऱ्या बचावपटूचे, इतके टिकणे दुर्मीळ आहे.

जर्मनीतील 2024 च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध जादा वेळेत चेंडू ताब्यात घेताना त्याचा तोल गेला आणि बेंजामिन शेश्को एकटा गोलरक्षकासमोर पोहोचला; पोर्तुगालचा गोलरक्षक दियोगो कोस्ता याने पायाने तो फटका अडवला, पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये लागोपाठ तीन फटके रोखले, आणि पोर्तुगाल वाचले. चारच दिवसांनी, 5 जुलैला हॅम्बुर्गमध्ये फ्रान्सविरुद्ध, 41 वर्षे 130 दिवसांचा पेपे पूर्ण 120 मिनिटे खेळला आणि किलियान एम्बाप्पेसह सगळ्या फ्रेंच आघाडीला गोल करता आला नाही. पोर्तुगाल पेनल्टी शूटआउटमध्ये 3-5 असे हरले. राष्ट्रीय संघासाठी तो त्याचा 141 वा आणि अखेरचा सामना होता.