खाडीपलीकडचा तह आणि धाकटा वेलस्ली

(खाडीकाठचा इतिहास : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात चिमाजी अप्पांची वसई मोहीम संपवली. आता तिथून थेट १८०२ च्या डिसेंबरात जाऊ. त्या वेळी भाईंदरची खाडी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडची साष्टी १७७४ पासून इंग्रजांच्या ताब्यात, तर पलीकडची वसई सालबाईच्या तहानंतर पुन्हा मराठ्यांकडे आलेली. विरार लोकल पुलावर आली की डावीकडे खाडीचं मुख रुंदावत जातं, त्याच बाजूला हा वसईचा किल्ला.

२५ ऑक्टोबरला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजी जहाजातून वसईला उतरला. ३१ डिसेंबरला त्याने तह केला. सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख आणि निजाम-गायकवाडांशी असलेल्या वादांत इंग्रज पंच. पेशवाई १८१८ साली बुडाली असं आपण शाळेत घोकतो. माझ्या मते ती वसईतच गहाण पडली होती.

तहामागचं डोकं गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचं. तो अमलात आणण्याचं काम आलं त्याच्या धाकट्या भावाकडे, आर्थरकडे. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूचा विजेता आणि ब्रिटनचा पंतप्रधान. जन्म १७६९ चा, आयर्लंडमधल्या अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या घरातला. घराणं बडं, पण पैशाची ओढाताण. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि वर्षभरात थोरला भाऊच गव्हर्नर जनरल झाला. वशिल्याचा असा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो! तरी १८०१ साली इजिप्तच्या मोहिमेचं नेतृत्व हातचं गेलंच. मुंबईत तापाने आणि खरजेने हैराण झालेला हा सरदारपुत्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाण्यात नायट्रिक आम्ल घालून अंघोळी करत होता.

त्याचं खरं कसब तलवारीपेक्षा दाणागोट्यात होतं. म्हैसूरचे अमृतमहाल बैल, धान्याचे तांडे घेऊन चालणारे बंजारे, नद्या ओलांडायला होड्या, या सगळ्याची तजवीज आधी आणि लढाई नंतर. पावसाळ्यात लढायचं त्याने मुद्दाम ठरवलं, कारण भरलेल्या नद्या मराठ्यांच्या घोडदळाला अडवतील आणि होड्यांमुळे आपण पार होऊ, हा त्याचा हिशेब. २० एप्रिल १८०३ ला तो पुण्यात शिरला. मे महिन्यात बाजीराव गादीवर परत बसला. तह न मानणाऱ्या शिंदे-भोसल्यांशी मात्र युद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं.

२३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज अचानक समोर आली. आर्थरकडे माणसं जेमतेम सात हजार. समोर त्याच्या कितीतरी पट सैन्य आणि शंभराच्या आसपास तोफा. मध्ये केळणा नदी. वाटाडे सांगत होते, इथे उतार नाही. आर्थरने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. गावं अशी वसली असतील तर लोक ये-जा करत असणारच, म्हणजे उतार आहेच. तो होता. फौज पार झाली आणि शिंद्यांच्या बगलेवर आली. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तितक्याच चपळाईने तोंड फिरवलं आणि गोलंदाज तोफांपाशीच लढत राहिले. इंग्रजांची साडेपंधराशेहून अधिक माणसं मेली किंवा जायबंदी झाली. त्याचे स्वतःचे दोन घोडे निकामी झाले, एक गोळीने, दुसरा भाल्याने. म्हातारपणी, वॉटर्लू जमेला असतानाही, आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचंच नाव घेई. मराठी तोफखान्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.

नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. १८०५ मध्ये तो मायदेशी गेला.

राजकारणातही हिशेबच. १८२८ मध्ये पंतप्रधान झालेला हा कट्टर टोरी कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडायच्या विरोधात होता. पण आयर्लंडमध्ये यादवी पेटली तर ती जास्त महाग पडेल, हे ओळखून १८२९ साली त्याने स्वतःच तो कायदा करून घेतला आणि त्यापायी एका लॉर्डाशी पिस्तुलांचं द्वंद्वही केलं. मताधिकाराच्या सुधारणेबाबत मात्र तो हटून बसला. १८३० मध्ये सरकार गेलं, पाठोपाठ जमावाने लंडनच्या घराच्या काचा फोडल्या. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या.

पुढच्या लेखात घोडबंदर.