नाव राहील, अहवाल कोण देईल?

कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये संमती दिली. गोवा, कर्नाटक व केरळ या भागीदार राज्यांची संमती त्यापूर्वीच मिळाली होती. महाराष्ट्राने ती देताना दोन अटी घातल्या. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे, ही एक. आणि राज्याने गुंतविलेले जवळजवळ चारशे कोटी रुपये परत मिळावेत, ही दुसरी. पहिली अट अस्मितेची, दुसरी तिजोरीची. रत्नागिरीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूच्या कामी यावी अशी तिसरी अट मात्र त्यांत नव्हती.

विलीनीकरण मुळातच चुकीचे आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. महामंडळ स्थापन झाले ते १९९० साली. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून कोकणाच्या वाट्याला लोहमार्ग येत नव्हता. तेव्हा मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना ही निराळी वाट शोधण्यात आली. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के असे भागभांडवल ठरले आणि बाकीचा पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण झाला. त्याच वर्षी १ मे रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत तो राष्ट्राला अर्पण केला. कर्ज काढून बांधलेला हा मार्ग एकेरीच राहिला. रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरांचे दुहेरीकरण २०२१ साली झाले. विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. त्यापुढची मोठी कामे एवढ्याशा महामंडळाला झेपणारी नाहीत, हे मान्य करावेच लागेल.

परंतु या विलीनीकरणात एक गोष्ट राज्याच्या हातून निसटते, आणि तिची कोठे वाच्यता झालेली दिसत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३९४ प्रमाणे सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल लेखापरीक्षणासह संसदेपुढे ठेवावा लागतो. आणि एखादे राज्य त्या कंपनीचे भागधारक असेल, तर तोच अहवाल त्या राज्याच्या विधिमंडळापुढेही ठेवणे बंधनकारक असते. २२ टक्क्यांच्या भागामुळे कोकणच्या रेल्वेचा हिशेब मुंबईच्या विधानभवनात मागण्याचा हक्क महाराष्ट्राला मिळाला तो असा. पटलावर ठेवलेला अहवाल बहुधा पटलावरच राहतो, हे खरे. तो हक्क आपण किती गाजविला, हा प्रश्न आमदारांनी आपापल्या मनाशी विचारावा. पण न वापरलेला हक्क आणि नसलेला हक्क यांत फरक आहे. रेल्वे हा केंद्रसूचीतील विषय आहे. भाग विकला की राज्याजवळ उरतात त्या रेल्वे उपभोक्त्यांच्या सल्लागार समित्या, आणि त्यांचा सल्ला कोणावरही बंधनकारक नसतो.

शिवाय आजवरचा अहवालही पुरेसा नव्हता. कंपनीच्या अहवालात नफा-तोटा, देणी, मालमत्ता यांना स्थान असते. रत्नागिरीकराचे प्रश्न वेगळे आहेत. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्याहून सुटू लागली. तो निर्णय कोणत्या विचाराने झाला? दादरचे फलाट मध्य रेल्वेचे, पुढचा मार्ग महामंडळाचा आणि गैरसोय चाकरमान्यांची. पण या बदलाची कारणे राज्याला लेखी कळवावीत, असे बंधन कोणावरच नाही. १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड कोसळून वाहतूक जवळजवळ दिवसभर ठप्प झाली. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये महाडच्या परिसरात गाड्या घसरून अनेकांचे बळी गेले. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, तो या मार्गावरील अशाच धोक्यांमुळे. डोंगरउतारांवर दरवर्षी किती काम झाले, मार्ग किती तास बंद राहिला, रत्नागिरीवरून जाणाऱ्या किती गाड्या तेथे थांबतच नाहीत, हे सारे एका कागदावर राज्याला मिळावयास हवे. या मार्गाचे भाडे प्रत्यक्षापेक्षा वाढवून धरलेल्या अंतरावर ज्यांनी वर्षानुवर्षे भरले, त्यांची एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

ही कल्पना जगावेगळी नाही. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो ते सॅन लुईस ओबिस्पो हा मार्ग समुद्राला लागून जातो, आणि सॅन क्लेमेंटे येथे कडे ढासळून तो गेल्या काही वर्षांत वारंवार बंद पडला. तेथील राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या मार्गाच्या स्थितीचा अहवाल विधिमंडळास देण्याचे दायित्व आपल्या परिवहन खात्यावर टाकले. त्या मार्गावरही अनेक मालक आणि अनेक चालक आहेत.

अर्थात दुसऱ्याकडे अहवाल मागणाऱ्याने स्वतःही काही मांडले पाहिजे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने कोकणातील स्थानकांचे दर्शनी भाग सुशोभित केले. ते देखणेही दिसतात. पण राजापूर रोडला उतरलेल्या माणसाने राजापूर गाठावे कसे, गाडीच्या वेळेला एस. टी. असेल की नाही, याचे नियोजन त्या कमानीत बसत नाही. स्थानके गावांपासून दूर, महामार्गाचे काम एका खात्याकडे, एस. टी. दुसऱ्याकडे. या सर्वांची सांगड घालणारा कोकणच्या प्रवासी वाहतुकीचा आराखडा तयार करणे हे तर राज्याच्याच हातचे काम आहे. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

रेल्वे मंत्रालयाशी करावयाच्या करारात वार्षिक अहवालाचे एक कलम घालता येते. मार्ग एकाहून अधिक रेल्वे विभागांत वाटला गेला, तरी रोहा ते सावंतवाडी या पट्ट्याचे आकडे वेगळे द्यावेत, एवढे त्यात स्पष्ट असावे. नाहीतर ते मोठ्या बेरजेत विरघळून जातील. पहिला अहवाल जाडजूड नसला तरी चालेल. दिवाणखवटीच्या उतारावर काय काम झाले, त्याचा खर्च कोणी केला आणि पॅसेंजर दादरहून का हलली, इतके त्यात आले तरी सुरुवात होईल.