वल्ह्यांवाचून नाव

इ. स. ८९१ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, अडीच कातडी ताणून केलेली एक लहानशी नाव येऊन लागली. तीत आयर्लंडचे तीन पुरुष होते आणि आठवडाभर पुरेल एवढी शिदोरी होती. वल्हे मात्र एकही नव्हते. आल्फ्रेड राजापुढे आलेल्या या तिघांविषयी अँग्लो-सॅक्सन बखरीत नमूद आहे की, ईश्वरप्रीतीस्तव त्यांना परमुलखात राहावयाचे होते, मग तो मुलूख कोणता का असेना.

काशीहून गंगोदक घेऊन घरी परतणाऱ्या यात्रेकरूची परंपरा ज्यांच्या रक्तात आहे, त्या आपल्याला ही यात्रा चमत्कारिक वाटेल, कारण तिला गंतव्य क्षेत्र नाही आणि परतीचा मार्गही नाही. पण तत्कालीन आयर्लंडमध्ये आपल्या टोळीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणाऱ्या सामान्य मनुष्याला कायद्याचे संरक्षण जवळजवळ उरत नसे, आणि काही अपराध्यांना तर नावेत बसवून समुद्रावर सोडून देण्याचीच शिक्षा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या साधूंनी हद्दपारी स्वखुशीने का पत्करली, ते उमगते. घर, भाऊबंद आणि वतन यांचा आधार सुटल्यावर जो उरतो, त्या एका आधारावर त्यांना जगावयाचे होते. ठिकाण माहीत नसताना केवळ ईश्वराच्या आज्ञेवरून निघालेला बायबलमधील अब्राहाम हा त्यांचा आदर्श होता.

नवे क्षितिज पाहण्याची ओढ मनुष्यमात्रात असते, आणि ख्रिस्ती विचाराने ती कधी नाकारली नाही. ती कशासाठी आहे, एवढेच विचारले. तागास्ते, कार्थेज, रोम, मिलान अशी गावे बदलीत गेलेल्या संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात सांगितले की, हृदयाची ही अस्वस्थता ईश्वराच्या ठायीच शमते. भटकंतीतील धोकाही या परंपरेने ओळखला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत, मठामठांतून तीन-चार दिवसांचा पाहुणचार झोडीत आयुष्यभर हिंडणाऱ्या साधूंना सर्वांत हीन लेखले, आणि ते मला योग्य वाटते. कारण ज्याने मागे काहीच सोडले नाही, त्याचे हिंडणे ही केवळ करमणूक होय.

आयरिश साधूंनी सर्वस्व सोडले होते. इ. स. ५९० च्या सुमारास बँगोरच्या मठातून निघालेल्या कोलम्बानसने फ्रँकांच्या राज्यात लक्सय येथे मठ उभारला. पुढे तेथील थेउडेरिक राजाच्या अनौरस संततीला आशीर्वाद देण्याचे त्याने नाकारले, तेव्हा त्याला स्वदेशी पाठविण्याचा हुकूम सुटला; परंतु नाँतहून निघालेले गलबत लाटांनी पुन्हा किनाऱ्याला लोटले, आणि हा वृद्ध परत न जाता आल्प्सकडे वळला. वाटेत आजारी पडलेला त्याचा शिष्य गालुस स्वित्झर्लंडच्या अरण्यातच राहिला. गुरू मात्र पर्वत ओलांडून इटलीत उतरला, बॉब्बियो येथे त्याने अखेरचा मठ स्थापिला आणि ६१५ साली तेथेच देह ठेवला. गालुसच्या पर्णकुटीच्या जागी पुढे जो मठ झाला, त्याच्या ग्रंथालयात आयरिश हस्ताक्षरातील प्राचीन पोथ्या आजही जतन केलेल्या आहेत.