पॉलिसीवर उमटेल तोच बदल

मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की पाच मिनिटांत विम्याची नवी पॉलिसी हाती पडते. पण त्याच पॉलिसीतला पत्ता बदलायचा असेल, कर्ज फिटल्यावर बँकेचे नाव काढायचे असेल, वारस म्हणून आईऐवजी पत्नीचे नाव लावायचे असेल किंवा जुनी गाडी घेतल्यावर विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असेल, तर आठवडे जातात. टोल-फ्री क्रमांकावर एक दाबा, दोन दाबा, वाट पाहा. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगा. ‘रिक्वेस्ट नोंदवून घेतली आहे’ एवढे ऐकून फोन ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा तिथूनच सुरुवात करा. बहुतेक लोक याला डोकेदुखी म्हणतात आणि नाद सोडतात. माझ्या मते हा प्रश्न डोकेदुखीपेक्षा फार मोठा आहे. बदल नोंदवायला कंपनी जितके दिवस लावते, तितके दिवस एक जोखीम ग्राहकाच्या डोक्यावर असते आणि ती त्याला दिसतही नाही. म्हणून ग्राहकाने फोनवरच्या विनवण्या थांबवून प्रत्येक बदल लेखी मागितला पाहिजे, आणि कंपनीच्या गप्प बसण्याची किंमत कंपनीलाच मोजावी लागेल असा नियम झाला पाहिजे.

पॉलिसी चालू असताना तिच्यात केलेल्या बदलाला या धंद्यात एन्डॉर्समेंट म्हणतात. मूळ पॉलिसी तशीच राहते आणि तिला जोडून एक कागद निघतो. त्यावर पॉलिसीचा क्रमांक असतो, आधी काय होते आणि आता काय धरायचे हे असते, जादा हप्ता घेतला असेल तर त्याचा आकडा असतो आणि हा बदल कोणत्या दिवसापासून लागू झाला ती तारीख असते. साऱ्या कागदात मोलाची असते ती तारीख. अपघात झाला की सर्व्हेअर आणि कंपनी पाहतात ते त्या दिवशी पॉलिसीवर काय लिहिले होते. आदल्या पंधरवड्यात तुम्ही किती फोन केले, कोणी कोणते आश्वासन दिले, याचा त्या कागदावर मागमूस नसतो. हाती एन्डॉर्समेंट नसेल, तर बदल झाला हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते.

किरकोळ वाटणाऱ्या नोंदीही किरकोळ नसतात. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यातले एक अक्षर चुकले तर कागदोपत्री ती दुसरीच गाडी ठरू शकते. विम्याची माहिती सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत जाते आणि तिथे नंबर जुळला नाही तर विमा असूनही नसल्यासारखा दिसतो. विनाविमा गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपये आहे, आणि आपला विमा आहे हे दाखवत फिरण्याची वेळ हप्ता भरलेल्या माणसावर येते. कर्ज फिटले पण पॉलिसीवर बँकेचे नाव तसेच राहिले, तर गाडी चोरीला गेल्यावर मिळणाऱ्या पैशांवर आधी त्या बँकेचा हक्क धरला जातो. ना-हरकत पत्र आणेपर्यंत रक्कम अडकते. मालक-चालकाच्या अपघाती मृत्यूसाठी १५ लाखांचे संरक्षण असते. ते कोणाला द्यायचे हे वारसाच्या रकान्यातल्या नावावर ठरते, आणि ते नाव दहा वर्षांपूर्वीचे असेल तर दुःखात बुडालेल्या घरात वाद उभा राहतो. मागाहून सीएनजी किट बसवले आणि ते पॉलिसीवर चढवले नाही, तर कंपनीला क्लेम नाकारायला किंवा कापायला आयते कारण मिळते.

खरी कसोटी लागते ती सेकंड-हँड गाडीच्या वेळी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १५७ म्हणते, की गाडीची मालकी बदलली की त्याच दिवसापासून विम्याचे प्रमाणपत्र आणि पॉलिसी नव्या मालकाच्या नावे झाली असे मानले जाईल. नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून नोंदी बदलून घ्यायच्या. हे वाचून अनेकांना वाटते, की कायद्यानेच पॉलिसी आपल्या नावावर केली, मग घाई कशाला? पण हे ‘मानणे’ थर्ड पार्टीपुरते, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याच्या भरपाईपुरतेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका निकालात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात मालकी बदलल्याचे कंपनीला पत्राने कळवले होते, पण पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर होण्याआधीच अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हा दोन पक्षांमधला करार आहे. नव्या मालकाशी तो करार झालाच नसेल तर भरपाई मागता येत नाही. निकाल कायद्याला धरून आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अर्ज टेबलावर पडून राहिला, तर त्या दिवसांत चेपलेल्या गाडीचा खर्च सहसा मालकाच्याच खिशातून जातो.

या जागी दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की कंपनीने तपासणी करायलाच हवी. चोरीची गाडी, खोटी कागदपत्रे, अपघात झाल्यावर मागची तारीख घालून केलेले अर्ज हे प्रकार घडतात आणि त्यांचा भार शेवटी प्रामाणिक ग्राहकांच्या हप्त्यावर येतो. बरोबर आहे. शिवाय नावबदलात हिशेबही असतो. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. पण ती गाडीची नसते, माणसाची असते. समजा सवलतीआधी स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये होता, जुन्या मालकाने ५० टक्के सवलतीने ५,००० भरले आणि गाडी निम्म्या वर्षात विकली गेली. तर उरलेल्या सहा महिन्यांची सवलत, २,५०० रुपये, नव्या मालकाने भरायची असते. जुना मालक आपला बोनस पत्र घेऊन राखू शकतो आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावू शकतो. हे सारे तपासायला वेळ लागणार हे मान्य. पण तपासणी करणे वेगळे आणि उत्तरच न देणे वेगळे. कोणता कागद कमी आहे आणि किती रुपये भरायचे, हे एका ई-मेलमध्ये सांगता येते. पॉलिसी विकताना जी यंत्रणा गाडीची सगळी माहिती क्षणात ओढून आणते, तिला आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे, बदललेले नाव पाहायला महिना लागत असेल, तर कंपनीने खर्च कुठे केला आणि कुठे टाळला हे उघड आहे.

दुसरा आक्षेप ग्राहकावर आहे: लोकच कळवत नाहीत, १४ दिवसांची मुदत पाळत नाहीत आणि क्लेम अडला की कंपनीच्या नावाने ओरडतात. हेही खरे आहे. नव्या कारला १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. या तीन वर्षांत घर बदलते, लग्न होते, कर्ज फिटते, पण पॉलिसी कप्प्यातून बाहेर निघत नाही. विम्याचा करार पूर्ण सद्भावावर उभा असतो, म्हणून खरी माहिती देणे हे ग्राहकाचे कर्तव्यच आहे. पण कर्तव्य दुहेरी असते. ग्राहकाला १४ दिवसांची मुदत घातली आहे, तर त्याच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदतही तितक्याच कसोशीने पाळली गेली पाहिजे. हा विचार नवा नाही. विमा नियामकाच्या २००२ सालच्या नियमांतच पत्ताबदल आणि नवी वारसनोंद यांची नावे घेऊन सांगितले होते, की कंपनीने अशा पत्रांना १० दिवसांत उत्तर द्यावे.

कोणी म्हणेल, न्यायालये ग्राहकाच्या बाजूने उभी राहतात, मग एवढी धास्ती का? राहतात, पण किती वर्षांनी? २०११ मध्ये अपघात झालेल्या एका ट्रकच्या मालकाचा क्लेम कंपनीने नाकारला. ट्रक आधीच विकला होता, असे तिचे म्हणणे होते. आरसीवर नाव मूळ मालकाचेच होते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला, तो २०२० मध्ये. हीच गोष्ट उलटीही फिरते. २०१८ च्या निकालाप्रमाणे गाडी विकली तरी आरसीवर ज्याचे नाव आहे, अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे नोंदी बदलून घेण्यात विकणाऱ्याचाही घेणाऱ्याइतकाच जीव अडकलेला आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, फोन करा, पण फोनवर थांबू नका. मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीतही, म्हणजे मोटार टॅरिफमध्येही, नव्या मालकाने पोच मिळेल अशा टपालाने लेखी अर्ज करावा असे सांगितले होते. आज तेच काम ई-मेल करतो. पॉलिसीवर छापलेल्या पत्त्यावर चार ओळी लिहा. ‘पॉलिसी क्रमांक अमुक. गाडी दिनांक अमुक रोजी माझ्या नावावर झाली. नवी आरसी, जुन्या मालकाचे संमतीपत्र आणि माझे ओळखपत्र जोडले आहे. नावबदलाची एन्डॉर्समेंट द्यावी. काही कागद किंवा रक्कम हवी असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’ एवढे पुरे. फोनवर बोलणे झाले असेल तर तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक त्याच ई-मेलमध्ये लिहून टाका, म्हणजे बोललेलेही कागदावर येते. एजंटावर विश्वास असेल तर काम त्याच्याकडून जरूर करून घ्या, पण त्याच्या ‘झाले साहेब’ या व्हॉट्सअॅपवर समाधान मानू नका. एन्डॉर्समेंटची प्रत हाती येईपर्यंत काम अपुरेच धरा. नाव लवकर बदलत नाही असे दिसले, तर आरसी आपल्या नावावर होताच स्वतःच्या नावाची नवी पॉलिसी घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. आणि सेवेला कंटाळून कंपनीच बदलायची असेल, तर जून २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार सामान्य ग्राहक कारण न देता पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो आणि उरलेल्या काळाच्या प्रमाणात हप्ता परत मागू शकतो. मात्र थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून आधी नवी पॉलिसी, मग जुनी रद्द, हा क्रम मोडू नका.

उत्तर आलेच नाही तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रत्येक कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याला लिहा, १४ दिवसांत निकाल लागणे अपेक्षित आहे. पुढे नियामकाचे ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळ आणि १५५२५५ हा क्रमांक. कंपनीला लेखी तक्रार करून महिना उलटला किंवा उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर सेवेतल्या त्रुटीचीही दखल घेतली जाते. याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवता येते. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे. यातल्या प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच विचारला जातो: लेखी काय आहे?

एका अक्षराच्या चुकीसाठी लोकपालापर्यंत कोण जाणार, हा शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. नोकरी, घर, प्रवास सांभाळणाऱ्या माणसाला एवढी सवड नसते हे मला मान्य आहे. १९९५ च्या प्रकरणात तर पत्र लिहूनही भागले नव्हते. म्हणूनच सगळा भार ग्राहकाच्या चिकाटीवर टाकून चालणार नाही. नियामकाने एक साधा नियम करावा: पूर्ण कागदपत्रांसह अर्ज मिळाला आणि कंपनीने ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेतली नाही, तर मागितलेला बदल अर्जाच्या तारखेपासून लागू झाला असे मानावे, देय रक्कम असेल तर ती नंतर वसूल करावी. फसवणूक रोखायला कंपनीच्या हाती हरकतीचा अधिकार राहतोच, फक्त तो तिने वेळेत वापरला पाहिजे. असा नियम झाला, तर पडून राहिलेल्या प्रत्येक अर्जाची जोखीम कंपनीवर येईल आणि अर्ज पडून राहणे आपोआप थांबेल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. आज घरी गेल्यावर आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा. नाव, पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन आणि बँकेचे नाव ताडून पाहा. वारसाचे नाव वाचा. काही चुकले असेल तर ई-मेल आजच पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा.